पिक्चर कसा होता ते विचारू नका

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरातल्या जुन्या किल्ल्यांसारखे ते आपोआप साठतात. कुठल्या कुलपाची कुठली हे आठवेनासं होतं, पण टाकवत मात्र एकही नाही.

आमच्या शाळेतले आम्ही चौघं महिन्यातून एकदा पिक्चरला जातो. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारचा शो. पूर्वी सोमवारी स्टाफरूममध्ये शिरलं की बाकीचे विचारायचे, "कसा होता पिक्चर?" आता तो प्रश्न बंद झालाय. आता विचारतात, "या वेळी काय झालं?"

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी अलका, चौथीचा वर्ग घेते. माहेर नाशिकचं, लग्न होऊन सुरतला आले त्याला तीस वर्षं झाली. पाटीलबाई आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या. एरवी पुस्तकी मराठी बोलतात, पण रागावल्या किंवा हळव्या झाल्या की थेट अहिराणी. जोशीसर गणिताचे. आणि नूतन, आमच्यात सगळ्यात लहान. तिचा जन्मच सुरतेतला, त्यामुळे ती मराठीत शिकवते, हिंदीत हसते आणि रिक्षावाल्याशी गुजरातीत भांडते.

पूर्वी आम्ही उधन्याकडच्या जुन्या थिएटरात जायचो. ते बंद पडलं. तिथं आता साड्यांचं गोडाऊन आहे. तेव्हापासून मॉलमधलं थिएटर. त्याचं नाव सांगत नाही. एकाचं सांगावं तर दुसरी काही फार बरी आहेत असं नाही.

*

लॉकडाऊननंतर थिएटरं उघडली आणि आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हाची गोष्ट.

पिक्चर लढाईचा होता. पडद्यावर सगळं असं दिसत होतं, जसं काही कुणी त्यावर चहा सांडलाय. दिवस आहे का रात्र, कळत नव्हतं. नूतन म्हणाली, "आजकाल असंच शूट करतात. फॅशन आहे." आम्ही मान डोलावली. फॅशनपुढे आपण काय बोलणार?

पाटीलबाईंनी मात्र मान डोलावली नाही. मध्यंतरात समोसा घेतला नाही. परत येताना रिक्षात त्या एकदा डावा डोळा झाकून आणि एकदा उजवा झाकून दुकानांच्या पाट्या बघत होत्या. मी विचारलं, "काही गेलंय का डोळ्यात?" तर म्हणाल्या, "नाही, नाही."

सोमवारी त्या रजेवर होत्या. पाटीलबाई रजेवर, हीच बातमी होती. मुलाच्या लग्नात त्यांनी दीड दिवस घेतला होता.

काय झालं होतं ते त्यांनी मंगळवारी मला एकटीला सांगितलं. त्यांच्या आईची दृष्टी साठीतच गेली होती. आधी अंधूक, मग धूसर, मग काही नाही. त्या शनिवारी पिक्चर बघताना पाटीलबाईंना वाटलं, आता आपली पाळी आली. रविवारी त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. शाळेत येऊन वॉचमनकडून दार उघडून घेतलं आणि जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. बावीस. मग डोळे मिटून पुन्हा चढून बघितल्या. नोकरीची पाच वर्षं राहिली होती, तेवढी तरी निभावायला हवी होती.

सोमवारी भटारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. थेंब घालून बाकावर बसवलं. पाऊण तास डोळे मिटून त्या हिशेब लावत बसल्या, की मस्टर कुणाकडून वाचून घ्यायचं, घरात कधी सांगायचं आणि कुणाला आधी सांगायचं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. नंबरसुद्धा तोच. कमी दिसायला लागलं ते नक्की कधी?"

"शनिवारी. पिक्चर बघताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुठलं थिएटर?"

बाईंनी नाव सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बेन, आ अठवाडियामां तमे त्रीजा."

या आठवड्यातल्या तिसऱ्या. नंतर कळलं की पिक्चरच्या मशीनचा दिवा जुना झाला तरी थिएटरवाले तो बदलत नाहीत, आणि उजेडही कमी ठेवतात. त्या दिवशी मला ते सांगताना पाटीलबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. थेंबांमुळे पाणी येतंय म्हणाल्या. थेंब आदल्या दिवशीचे होते.

*

जोशीसरांचा किस्सा छोटा आहे.

तिकिटावर तीन वाजता लिहिलेलं असतं आणि पिक्चर सुरू होतो साडेतीनला. मधला अर्धा तास जाहिराती. पानमसाला, बिल्डर, पानमसाला, दागिने, पुन्हा पानमसाला. सरांनी वर्षभर घड्याळ लावून नोंद ठेवली. प्रत्येक वेळी अठ्ठावीस ते बत्तीस मिनिटं.

एका शनिवारी ते आम्हाला म्हणाले, "आज आपण बरोबर तीन पंचवीसला शिरायचं. तोवर खाली आरामात चहा घेऊ. आयुष्याचा अर्धा तास आपण पानमसाल्याला देणार नाही."

आम्ही आरामात चहा घेतला. मी दोनदा म्हटलं, "सर, जाऊया का?" त्यांनी घड्याळ दाखवलं. बरोबर तीन पंचवीसला आत शिरलो, तर पडद्यावर पोलीस, रडारड आणि पांढऱ्या कापडाखाली कुणीतरी.

त्या दिवशी म्हणे जाहिरातींची फाइलच उघडली नव्हती. पिक्चर ठोक्याला तीन वाजता सुरू झाला होता. मेला कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

नूतनने सरांकडे बघितलं. सर अंधारात चष्मा पुसत म्हणाले, "एका निरीक्षणावरून सिद्धांत मोडत नाही."

*

मराठी पिक्चर सुरतेत लागतो तो एका आठवड्यापुरता आणि भलत्याच वेळी. असाच एक लागला होता सकाळी पावणेदहाला, दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही साडेनऊला खिडकीवर हजर.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बेन, आठ जण जोइए. तमे चार छो. शो कॅन्सल."

आठ तिकिटं विकली गेली नाहीत तर शो दाखवत नाहीत, असा त्यांचा नियम होता. जोशीसर म्हणाले, "आमच्या चौघांची आठ तिकिटं देऊन टाका." तर म्हणे माणसं आठ लागतात. माणसं का लागतात, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मला एकदम कसंतरी झालं. पिक्चरचं एवढं नाही, पण लाखो मराठी माणसं या गावात राहतात. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, जिकडे जावं तिकडे आपली भाषा कानावर पडते. आणि आठ माणसं भरू नयेत? आज शो रद्द झाला की उद्या लावणारच नाहीत. मग आमच्या मराठी शाळेचं तरी काय? दरवर्षी पहिलीचा पट आम्ही असाच मोजत बसतो.

पाटीलबाईंनी पर्स काखेत मारली आणि मॉलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, "मराठी येतं का?" काही लोक घाबरून बाजूने निघून गेले. नव्याने लग्न झालेलं एक जोडपं सापडलं, अमळनेरचं. ते मोबाइलचं कव्हर घ्यायला आले होते. सहा झाले. रात्रपाळी संपवून घरी निघालेला मॉलचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "झोप ते काय रोजच येते." सात.

नऊ चाळीस झाले. आठवा मिळेना. जोशीसर पार्किंगमध्ये जाऊन एका पोट सुटलेल्या गृहस्थांना घेऊन आले. ते गुजराती होते, बायको पार्लरमध्ये गेली होती आणि त्यांना दोन तास कुठंतरी बसायचं होतं.

"मराठी आवडे छे?" नूतनने विचारलं. म्हणजे, येतं का.

"एसी चाले छे?" ते म्हणाले.

पिक्चर एका म्हाताऱ्या बापाचा होता. शेवटच्या वीस मिनिटांत हॉलमधून रडण्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं पाटीलबाई. पण त्या माझ्या शेजारीच होत्या आणि कोरड्या होत्या. दिवे लागले तर ते गृहस्थ रुमालात तोंड खुपसून बसलेले.

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "तुम्हाला समजलं सगळं?"

"भाषा नथी समजायी," ते म्हणाले, आणि तिथूनच त्यांनी वडिलांना फोन लावला.

*

मग खुर्च्या बदलल्या. बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे. माणूस दवाखान्यात असल्यासारखा आडवा. जोशीसरांना ती खुर्ची फार आवडली. पिक्चर संपला, दिवे लागले, आम्ही उठलो. सर उठेनात.

खुर्ची अडकली होती. बटण दाबलं की नुसती गुरगुरायची. सर उंचीने बेताचे आणि पाय वर. उतरायला जावं तर पायाखालचा भाग मध्ये यायचा. आदल्याच वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, झटका द्यायला डॉक्टरांनी मनाई केलेली. त्यामुळे त्यांना ओढायला आमचा हात धजेना. नूतन माणूस शोधायला धावली. सफाईवाली मावशी आली, बघून गेली. आणखी एकजण आला, त्याने प्लग कुठं आहे ते शोधलं. सापडला नाही.

तेवढ्यात पुढच्या शोची माणसं आत यायला लागली. हातात तिकीट आणि पॉपकॉर्नची बादली घेऊन एक गृहस्थ सरांच्या उशाशी येऊन उभे राहिले. "अंकल, ये मेरी सीट है."

सर छताकडे बघत अगदी शांतपणे म्हणाले, "आपकी ही है. मैं तो छोड़ रहा हूँ, ये मुझे नहीं छोड़ रही."

शेवटी थिएटरच्या चार माणसांनी त्यांना खुर्चीसकट तिरकं करून काढलं. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मी त्यांना पहिला प्रश्न विचारायचे, पाठ कशी आहे. ते म्हणायचे बरी आहे, पण फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचे नाहीत.

*

फोनचा त्रास तर सगळ्यांनाच आहे. पण या एका फोनबद्दल मला अजून थोडं वाईट वाटतं.

आमच्या मागच्या रांगेत एक माणूस सुरुवातीपासून फोनवर होता. आवाज हळू होता, पण थांबत नव्हता. दर पाच मिनिटांनी फोन उजळायचा. "हां. काय म्हने डाक्टर? हां. ठेव." पुन्हा पाच मिनिटांनी तेच. पुढच्या लोकांनी शुक-शुक केलं. मी वळून दोनदा रागाने बघितलं, वर्गात बघते तसं.

मध्यंतरात दिवे लागल्यावर नूतन उठली. "भाईसाहब, थिएटर में आए हो कि ऑफिस में? इतना ही बात करना है तो बाहर जाओ ना."

तो पंचविशी-तिशीचा, शर्टाच्या बाहीवर निळ्या रंगाचे डाग. ताडकन उभा राहिला आणि आम्हाला हात जोडले. म्हणाला, "बाई, पिक्चर कोनता शे ते भी मले माहीत नही."

पाटीलबाईंनी चमकून मान वळवली. "कोनता गावना शे रे भाऊ तू?"

"पारोळाना."

"काय व्हयनं?"

त्याची बायको समोरच्या दवाखान्यात होती. पहिलटकरीण, दिवस भरायला महिना बाकी, आणि सकाळपासून रक्त जात होतं. आत फक्त एका बाईला सोडत होते, म्हणून सासू आत. याला बाहेर बसायला जागा नाही, बाकडी भरलेली. उन्हात दोन तास उभा राहिला, मग चक्कर आली. पलसाण्याला डाइंग मिलमध्ये काम करायचा, रात्रपाळी करून तसाच आला होता. समोर थिएटर दिसलं. तिकीट काढलं की निदान बसता येईल, कुणी उठवणार नाही, म्हणून आत आला होता.

नूतनचा चेहरा उतरला. जाऊन त्याच्यासाठी पाणी आणि सँडविच घेऊन आली. पाटीलबाई उठून मागच्या रांगेत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आते बोल फोनवर. मी बठेल शे आठे."

दुसरा अर्धा भाग मी पडद्याकडे बघत होते, पण कान मागे. पुढच्या रांगेतल्या एकाने पुन्हा शुक केलं, तर जोशीसर उठून त्याच्याजवळ गेले आणि कानात काहीतरी सांगून आले. त्यानंतर हॉलमध्ये गंमत झाली. फोन उजळला की आजूबाजूची चार-पाच डोकी हळूच मागे वळायची.

पिक्चर संपायला दहा-पंधरा मिनिटं असताना फोन आला. तो नुसता ऐकत होता. मग फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड झाकलं. नूतनने माझा हात घट्ट धरला.

पाटीलबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तोंडावरचे हात काढले.

"पोर शे," तो म्हणाला. "दोन्ही बरा शेतस."

पुढचा शुक-शुक करणारा माणूस उभा राहून विचारत होता, "शुं थयुं? शुं थयुं?"

*

हे आता सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही, पण किश्श्यांत तेही आहे.

एप्रिल महिना. हॉलमध्ये पंचवीसेक माणसं. मध्यंतरानंतर एसी बंद झाला. आधी वाटलं आपल्यालाच उकडतंय. मग पुढे बसलेल्या टोळक्यातलं कुणीतरी ती बॅटरीवरची सिगारेट ओढायला लागलं, गोड, स्ट्रॉबेरीसारखा वास. पाटीलबाईंना दमा आहे. त्यांनी पर्समधून पंप काढून एकदा मारला. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा मारल्यावर त्यांनी माझा दंड पकडला. त्या कधी कुणाचा हात पकडत नाहीत.

"अलका, बाहेर," एवढंच म्हणाल्या.

आम्ही खालच्या बाजूला बसलो होतो. शेजारीच दार, वर हिरवा दिवा, बाहेर जाण्याची खूण. मी जाऊन दारावरचा दांडा दाबला. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं. पलीकडून साखळी लावली होती. फटीतून उजेड आणि खोक्यांचा ढीग दिसत होता. मी खांद्याने धक्का दिला. पुन्हा दिला. मागे पाटीलबाईंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता.

वरचं दार म्हणजे तीसेक पायऱ्या. जोशीसरांनी एक बाजू धरली, नूतनने दुसरी. पायऱ्यांवरचे दिवे गेलेले. सर आपली पाठ विसरले. मी फोनचा उजेड पाडत पुढे उलटी चालत होते आणि पाटीलबाईंचा चेहरा बघत होते. ओठांचा रंग बदललेला मला त्या उजेडात कळत नव्हता, आणि त्याचीच भीती वाटत होती.

बाहेर त्यांना जमिनीवरच बसवलं. पंप पुन्हा दिला. पाणी, वारा. श्वास पूर्ववत व्हायला वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मला माझ्या मुलांचीसुद्धा आठवण आली नाही, फक्त ती चार बोटांची फट डोळ्यांसमोर होती. आत पंचवीस माणसं होती. सुट्टीच्या दिवशी अडीचशे असतात.

दारावरच्या गार्डला मी विचारलं, "खालच्या दाराला साखळी का लावलीय?"

तो बिचारा खरं बोलला. "बहनजी, लोग बिना टिकट घुस जाते हैं. वो दरवाज़ा जाने के लिए नहीं है, चेकिंग में दिखाने के लिए है."

मी त्याच दिवशी त्यांच्या वेबसाइटवर तक्रार लिहिली. उत्तर आलं. आपला अनुभव किती तारे, एक ते पाच.

सोमवारी जोशीसर शाळा सुटल्यावर गुजरातीत लिहिलेला अर्ज घेऊन गेले आणि मॅनेजरच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले. मंगळवारी पुन्हा. बुधवारी मीही गेले. अग्निशमनवाल्यांना एक प्रत दिल्याचं आम्ही मॅनेजरला सांगितलं, तेव्हा कुठं त्याने आमच्यासमोर साखळी काढली. खोकी हलवायला आणखी आठवडा लागला.

आजही आम्ही हॉलमध्ये शिरलो की आधी चौघांपैकी एकजण जाऊन ते दार ढकलून बघतो. लोक आमच्याकडे बघतात. बघू देत.

*

आता एकच राहिला. हा मी स्टाफरूममध्ये सांगितलेला नाही.

वडील गेल्यावर आई नाशिकहून माझ्याकडे राहायला आली. ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपासून विसरायला लागलीय. कधी मला ओळखते, कधी माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते. डॉक्टर म्हणाले, तिला माणसांत न्या. नूतन म्हणाली, मग शनिवारी आपल्याबरोबर आणा ना.

आणली. पिक्चर विनोदी होता. आई हसत होती, इतर हसले की अर्धा क्षण उशिरा. मध्यंतरात तिला बाथरूमला नेलं. ती आत, मी बाहेर तिची काठी धरून उभी. तेवढ्यात घरून फोन आला, गॅसचं पुस्तक कुठं आहे म्हणून. मी सांगितलं. फार तर एक मिनिट. फोन ठेवून वळले तर बाथरूमचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही.

सगळी दारं ढकलून बघितली. बाहेर धावले. लांबच लांब कॉरिडॉर, खाली जाड गालिचा, दोन्हीकडे सारखी दारं, सहा हॉल. सगळीकडे पिक्चर चालू, आत अंधार. आई कुठंच नव्हती.

गेटवरचा माणूस म्हणाला, कुणी म्हातारी बाहेर गेली नाही. पण तो पॉपकॉर्नच्या काउंटरलाही मदत करत होता, त्यामुळे त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची हिंमत होईना. त्या गेटच्या पलीकडे सरकता जिना होता. काठी माझ्या हातात होती.

मॅनेजरला म्हटलं, "पाच मिनिटं दिवे लावा."

तो म्हणाला, "मॅडम, लाइट इथून लागतच नाहीत. सगळं टाइमरवर आहे."

"मग आत कुणी तुमचा माणूस?"

"आत माणूस नसतो आता."

पाटीलबाई सरकत्या जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जोशीसर पहिल्या दोन हॉलमध्ये गेले, नूतन शेवटच्या दोन. मधले दोन मी.

तिसऱ्या हॉलमध्ये भुताचा पिक्चर होता. मी फोनचा उजेड लावला तर लोक ओरडले, "ए, लाइट बंद कर." बंद केला. मग पडद्याच्या उजेडात एकेक रांग बघत वर चढले. पडदा उजळला की चेहरे दिसायचे, काळोख झाला की जायचे. मी हाका मारायला लागले. "आई. आई." पडद्यावर एक बाई किंचाळत होती, त्यामुळे माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी पन्नाशी उलटलेली शिक्षिका, अंधारात आईला हाका मारत फिरतेय. पाच वर्षांची असताना जत्रेत हरवले होते, तेव्हाही इतकी घाबरले नव्हते.

चौथ्या हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर, मोटारींचा धडधडाट. पुन्हा तेच. रांग, चेहरे, काळोख. "आई. आई गं." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

आठव्या रांगेत, मधोमध, मला तिचं पांढरं डोकं दिसलं.

दोन्ही बाजूला कॉलेजच्या मुली, कधी न बघितलेल्या. एकीच्या हातात तिचा हात. तिच्या आणि दुसरीच्या मध्ये एक रिकामी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर आईची शाल नीट पसरलेली. लोकांचे गुडघे ओलांडत मी तिच्यापर्यंत पोचले.

ती मुलगी हळूच म्हणाली, "बा क्यारनां कहे छे, मारी दीकरी आवे छे." आजी केव्हाच्या म्हणतायत, माझी मुलगी येतेय.

आईने माझ्याकडे बघितलं. दचकली नाही, रडली नाही. शाल उचलून मांडीवर घेतली आणि खुर्चीवर हात आपटला.

"बस," ती म्हणाली. "एवढ्या हाका कशाला मारतेस? ऐकू येत होत्या मला. पण तुझी जागा सोडून मी उठणार कशी?"